चार फोनांतला बिबट्या

आमच्या घरात फूट पडली ती एका बिबट्यावरून. जमिनीवरून, दागिन्यांवरून, आईच्या पाटल्यांवरून फुटलेली घरं मी पाहिली आहेत. नोकरीच विमा कंपनीत दावे तपासायची, त्यामुळे जरा जास्तच पाहिली आहेत. पण त्या लोकांकडे भांडायला निदान एखादी वस्तू तरी होती. आमच्याकडे चौदा सेकंदांची एक क्लिप होती.

घरात आम्ही चौघं. माझे वडील, ज्यांना सगळेच आबा म्हणतात, मी, माझी बायको, आणि आमची मुलगी. बदलीवर जयपूरला आलो तेव्हा तीन-चार वर्षांत परत जायचं ठरलं होतं. मग प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं, मुलगी इथेच शिकली, इथेच नोकरीला लागली, आणि आई गेल्यावर आबाही साताऱ्याहून आमच्याकडे आले. मुलगी मराठी बोलते, पण दर दोन वाक्यांमागे एक 'मतलब' येतो. आबांना ते मोजायची सवय होती. "आज अकरा झाले गं," असं ते जेवताना जाहीर करायचे, आणि ती म्हणायची, "आबा, मतलब तुम्हाला दुसरं काम नाही का?" आबा बोट वर करायचे. "बारा."

दोघांचं फार सख्य. संध्याकाळी ती झालान्याच्या ऑफिसातून आली की हातपाय धुऊन लगेच पत्ते. खेळ एकच, पाच-तीन-दोन. तो तिघांचा खेळ, म्हणून मला घ्यायचे. तिसरा लागतो एवढीच माझी पात्रता. आबांकडे हुकमाचा एक्का आला की ते नकळत उजवा कान चोळतात. हे मुलीला माहीत होतं, मला माहीत होतं, स्वयंपाकघरातून बघणाऱ्या बायकोला माहीत होतं. आबांना माहीत नव्हतं, आणि ते त्यांना सांगायचं नाही असा आमच्यात न बोलता झालेला ठराव होता.

मग हळूहळू पत्त्यांची वेळ टीव्हीने खायला सुरुवात केली. आबांचं एक चॅनेल ठरलेलं. त्यावर सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी ओरडतात आणि खाली लाल पट्टी पळते. मुलीचं सगळं जग फोनमध्ये. तिथे लोक ओरडत नाहीत, डोळ्यांत पाणी आणून बोलतात आणि मागे पियानो वाजतो. आबांना वाटायचं जग संपत आलंय. हिला वाटायचं, आबांसारखे लोक आहेत म्हणून संपत आलंय. दोघंही जेवायला मात्र वेळेवर यायची.

अशात होळी झाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर क्लिप आली. समोरच्या भाभीजींच्या घरावरच्या कॅमेऱ्यातली, रात्रीची, काळी-पांढरी. आमच्याच फाटकासमोरून एक लांब शेपटीचं जनावर डावीकडून उजवीकडे जातं. अंगावर स्पष्ट काळे ठिपके. दुपारपर्यंत कुठल्याशा स्थानिक चॅनेलने त्याच्याभोवती लाल गोल काढला, वर 'तेंदुआ', म्हणजे बिबट्या, असं लिहिलं आणि ढोल वाजवले. संध्याकाळी आबांच्या टीव्हीवर आमचं फाटक दिसलं. घर घेतलं तेव्हा आबांना जेवढं कौतुक वाटलं नव्हतं, तेवढं त्या दिवशी वाटलं.

कौतुकानंतर भीती आली. दुसऱ्या संध्याकाळी मुलगी स्कूटरवरून आली तेव्हा आबा फाटकात उभे. डाव्या हातात स्टीलचं ताट, उजव्या हातात पळी. ती वळणावर दिसताच त्यांनी ताट बडवायला घेतलं. बिबट्या आवाजाला भितो असं सहापैकी एका चौकटीतल्या माणसाने सांगितलं होतं. गल्लीतली सगळी दारं उघडली.

"आबा! मतलब काय चाललंय हे?"

"आत ये आधी. पळ!"

"लोक बघतायत!"

"बघू देत. लोकांच्या साक्षीनं तरी तो यायचा नाही."

त्या वेळी आबांनी 'मतलब' मोजला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

जेवताना खरं भांडण झालं. मुलीचं म्हणणं, तो बिचारा तिच्या ऑफिसामागच्या झालान्याच्या जंगलातून आला, आपणच त्याची जागा खाल्ली, बिबट्या माणसाला काही करत नाही, तो लाजाळू असतो, त्याला भीतीची नाही, प्रेमाची गरज आहे. आबांचं म्हणणं, प्रेम करायला आपण जाऊ, पण परत कोण येईल? ती म्हणाली, तुमचं चॅनेल खोटं बोलतं. ते म्हणाले, तुझा फोन गोड बोलतो, त्यापेक्षा खोटं बरं. ती म्हणाली, "तुमच्याशी मतलब बोलण्यात अर्थच नाही." हाही 'मतलब' आबांनी मोजला नाही.

मी दावे तपासणारा माणूस. दोन पक्षकार भांडत असले की मी जागेची पाहणी करतो. सकाळी टेप घेऊन फाटकाकडे गेलो. क्लिपमध्ये जनावराची पाठ फाटकाच्या खालून तिसऱ्या आडव्या पट्टीला लागत होती. जमिनीपासून ती पट्टी अठ्ठावन्न सेंटीमीटर. बिबट्याची खांद्यापाशी उंची साधारण साठ-सत्तर. मी घरात येऊन निकाल दिला: "बिबट्याच आहे, पण पूर्ण वाढ झालेला नाही." हा निकाल मी नाश्त्याच्या वेळी दिला आणि त्याने दोन्ही पक्षांचं बळ वाढलं. आबा म्हणाले, "पिल्लू म्हणजे आई जवळपास असणार." मुलगी म्हणाली, "पिल्लू? ओ गॉड, बिचारं!" तडजोड म्हणून मी जे मांडलं, त्याने दोघांनाही नवं शस्त्र मिळालं. बायको पोहे वाढत म्हणाली, "झालं तुमचं मोजून?"

ताटाचा कार्यक्रम रोज सुरू राहिला. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोघींनी आपापल्या गच्चीतून साथ दिली. चौथ्या दिवशी मुलगी शांतपणे म्हणाली, "मी ऑफिसजवळ पीजी बघितलंय. रविवारी शिफ्ट होणार."

"कुठे?" मी विचारलं.

"झालान्यात. जंगलाच्या भिंतीला लागून. मतलब, व्ह्यू मस्त आहे."

म्हणजे बिबट्याच्या भीतीला कंटाळून ती बिबट्याच्या शेजारी राहायला निघाली होती. मला हसू आलं, पण आबांकडे पाहिलं आणि ते जिरलं. आबा टीव्हीकडे बघत होते आणि टीव्ही बंद होता. साताऱ्याचं घर विकून ते इथे आले, ते आमच्यासाठी नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्याशी ते फक्त वीजबिलावर बोलतात.

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "ती खरंच गेली तर आबा टीव्हीत जातील आणि बाहेर यायचे नाहीत," ती म्हणाली. "काहीतरी करा. मोजू नका. करा."

मी एक प्रयोग केला. चौघांचे फोन जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि चारांवर एकच शब्द शोधला, बिबट्या. एकच घर, एकच वायफाय. आबांच्या फोनवर दहशत, हल्ला, थरार, आणि एका माणसाच्या पाठीवरचे टाके. मुलीच्या फोनवर बाटलीने दूध पिणारं पिल्लू. माझ्या फोनवर बिबट्याने जनावर मारल्यास नुकसानभरपाई कशी मागावी याचे दोन व्हिडिओ. बायकोच्या फोनवर बिबट्या प्रिंटचे ब्लाउजपीस, तीन रंगांत.

"बघा," मी म्हणालो. "चार फोनांत चार बिबटे. आता यातला आपल्या फाटकावरचा कोणता?"

माझी अपेक्षा होती की दोघंही विचारात पडतील. आबा म्हणाले, "म्हणजे तिच्या फोनवर ते टाके येतच नाहीत? लपवतायत!" मुलगी म्हणाली, "आबांना कुणी ते पिल्लू दाखवतच नाही. सॅड आहे." बायको ब्लाउजपीसचा भाव बघत बसली. प्रयोग फसला.

मग बासोडा आला.

बासोडा म्हणजे होळीनंतरच्या अष्टमीला इथल्या घरोघर करतात तो शीतला मातेचा सण. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशी रांधायचं आणि सगळं थंड खायचं. आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षीच भाभीजींनी बायकोला त्यात ओढलं. आबांनी आल्या-आल्या आक्षेप घेतला होता, "आपली शीतळा सप्तमी श्रावणात." बायको म्हणाली होती, "श्रावणात तिथली, चैत्रात इथली. देवी एकच." त्यावर आबा म्हणाले होते, "आणि हा चैत्र कसला? आपला तर अजून फाल्गुन चाललाय." तेही खरं होतं. इथला महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावास्येला. त्या पंधरवड्यात आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर आणि भाभीजींच्या भिंतीवरचं पंचांग वेगळे महिने दाखवतात, आणि आजवर त्यावरून कुणी ताट वाजवलेलं नाही.

बासोड्याच्या सकाळी बायको देवळातून आली, चाकसूच्या शीतला मातेच्या जत्रेला निघालेल्या भाभीजींना फाटकात निरोप दिला, आणि सरळ टीव्हीपाशी गेली. सेट-टॉप बॉक्सवर तळहात ठेवला.

"आबा, जरा हात लावून बघा."

आबांनी लावला. "गरम आहे."

"आज घरात गरम काही चालत नाही." तिने वायर काढली. मग मुलीकडे वळली. "तुझा फोन?"

"आई! मतलब हे काय लॉजिक आहे?"

"हात लावून बघ. रात्रभर चार्जिंगला होता. तापलाय."

"हे देवीचं लॉजिक नाही, तुझं आहे."

"देवीला विचारून आलेय."

आता दोघंही फसली होती. गेल्याच वर्षी आबांनी जेवताना सांगितलं होतं की व्रत करायचं तर पुरं करावं, अर्धवट व्रत म्हणजे देवाची थट्टा. आणि मुलगी तर महिनाभर म्हणत होती की या घरातला टीव्ही बंद व्हायला हवा. आबा म्हणाले, "तिचा फोन बंद होणार असेल तर माझा टीव्ही बंद." मुलगी म्हणाली, "आबांचा टीव्ही बंद होणार असेल तर घे माझा फोन." दोघांनी आपल्या इच्छेने काही सोडलं नाही, समोरच्याचं जातंय या आनंदात सोडलं. बायकोने चारही फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवले आणि वर झाकण लावलं. माझाही घेतला.

"माझा कशाला? मी कुणाशी भांडलोय?"

"तुम्ही निकाल देता," ती म्हणाली.

सकाळ कशी गेली सांगता येत नाही. चहा नव्हता, चूल नव्हती. आबा कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिऊन आले आणि आल्यावर सवयीने रिमोट हातात घेऊन बसले. मुलीला ऑफिसची सुट्टी होती. ती पुन्हा पुन्हा उशीखाली हात घालून बघत होती. जेवायला थंड पुऱ्या, ताकातली बाजरीची राबडी, गुळाचे तळलेले गुलगुले, आणि बायकोने आपल्या बाजूने घातलेला दहीभात. सगळे मुकाट्याने जेवले. थंड अन्नावर भांडण तापत नाही हे तेव्हा लक्षात आलं.

जेवणानंतर आबा म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळू न देता, "पत्ते कुठायत?"

ते टीव्हीखालच्या खणात असतात. मी बघितलं, नव्हते. कपाटात नव्हते. फ्रिजवर नव्हते. बायको म्हणाली, "असतील कुठेतरी." आबा उठून स्वतः खण उपसायला लागले. जुनी पेनं, सुटे सेल, सातारच्या घराची निरुपयोगी किल्ली.

मुलगी उठली, तिच्या खोलीत गेली. रविवारसाठी भरलेली तिची मोठी बॅग दाराशीच उभी होती. चेन उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा हातात पत्ते होते, केसांच्या रबराने बांधलेले.

मग बायकोने विचारलं, "तिथे कुणाशी खेळणार होतीस गं?"

"कुणाशी नाही." तिने पत्ते टेबलावर ठेवले. "मतलब... असेच घेतले होते."

आबांनी रबर सोडलं. पिसायला घेतले. पिसताना त्यांच्या हातून दोनदा पत्ते पडले. एरवी पडत नाहीत. "बस," ते मला म्हणाले. "तिसरा लागतो."

आम्ही बसलो ते ऊन उतरेपर्यंत. पहिले दोन डाव फक्त पत्त्यांचं बोलणं झालं. तिसऱ्या डावात आबांनी कान चोळला. मुलीने हातातली राणी मागे ठेवली आणि सत्ती टाकली. आबा म्हणाले, "ही लेकाची माझा एक्का ओळखते कशी?"

ती हसायला लागली. थांबेना. मी आढ्याकडे बघत राहिलो. आतून बायकोचं हसणं ऐकू आलं.

"काय झालं? सांगा की."

"आबा, तुमचा कान," ती म्हणाली. "चार वर्षं. एक्का आला की कान."

आबांनी हात कानावरून असा काढला, जसा काही कान दुसऱ्याचा आहे. मग मला विचारलं, "तुलाही माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे," मी म्हणालो.

"टीव्हीवाल्यांना नाही ना?" आबा म्हणाले, आणि स्वतःच हसले.

ऊन कललं. बायकोने उरलेल्या पुऱ्या एका ताटात घातल्या. बासोड्याचं उरलेलं गाय-कुत्र्याला घालायचं. ताट तेच, आबांचं, बडवून मध्ये जरा खोलगट झालेलं. ती फाटकात जाऊन उभी राहिली. आम्ही तिघं पायऱ्यांवर.

डावीकडून ते आलं. लांब शेपूट. फिकट पिवळं अंग. अंगभर गडद ठिपके.

बिबट्या लाजाळू असतो, त्याला प्रेमाची गरज असते, असं आठवडाभर सांगणारी माझी मुलगी किंचाळून आबांच्या मागे गेली आणि तिने त्यांचा सदरा धरला. आणि आठवडाभर ताट बडवणारे आबा एक पायरी खाली उतरले. "अगं थांब," ते हळू आवाजात म्हणाले. "किती देखणा आहे बघ."

देखणा बिबट्या फाटकापाशी आला, शेपूट हलवली आणि माझ्या बायकोच्या हातून पुरी घेतली.

गल्लीतलाच पिवळा कुत्रा होता. धुळवडीला पोरांनी त्याला धरून बोटांनी ठिपके काढले होते, त्या पक्क्या जांभळ्या रंगाचे, जो आठ दिवसांत माणसाच्याही कानामागून जात नाही. रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यात जांभळा म्हणजे काळाच. त्याची पाठ फाटकाच्या खालून तिसऱ्या पट्टीला बरोबर लागत होती. अठ्ठावन्न. माझं माप अचूक होतं. कुत्र्याची उंची तेवढी मी काढली नव्हती.

मुलीने आबांचा सदरा सोडला नव्हता. "आबा," ती म्हणाली, "आपण कुत्र्यावरून भांडत होतो."

"मी बिबट्यावरून भांडत होतो," आबा म्हणाले. "तू तुझं बघ."

"मग तुम्ही मतलब पुढे कशाला गेलात? बिबट्या वाटला ना?"

"तू मागे कशाला आलीस? प्रेम करायचं होतं ना?"

बायको फाटकातून म्हणाली, "दोघंही आत या. निकाल द्यायला माणूस बसलाय तो."

दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण निघालं. माझं पहिलं काम, मी कॉलनीच्या ग्रुपवर सविस्तर खुलासा टाकला. कुत्र्याचा फोटो, फाटकाचा फोटो, पट्टीचं माप, रंगाचं कारण. थोड्याच वेळात पाच उत्तरं आली. एकाने लिहिलं, प्रशासन प्रकरण दाबतंय. एकाने लिहिलं, हा कुत्रा निराळा आहे. एका भल्या माणसाने हात जोडलेली चित्रं पाठवली. ॲडमिनने मला ग्रुपमधून काढलं. कारण दिलं, अफवा पसरवणे. आबांनी तो संदेश दोनदा मोठ्याने वाचून दाखवला आणि मुलीने त्याचा फोटो काढून ठेवला. त्या दोघांना एकत्र हसताना बघून मला ग्रुप गेल्याचं फारसं वाटलं नाही. थोडं वाटलं.

टीव्ही पुन्हा सुरू झाला आहे, फोनही. आबांच्या चौकटी ओरडतात आणि मुलीचा पियानो वाजतो. जग अजून संपतंच आहे. पिवळा कुत्रा संध्याकाळी फाटकात येतो आणि आबा त्याला पोळी घालतात, ताटातून. त्याला ते बिबट्या म्हणूनच हाक मारतात.

रविवारी सकाळी बॅग अजून दाराशी होती. आबा चहा घेत टीव्हीसमोर होते आणि दर जाहिरातीला बॅगेकडे बघत होते. मी पेपर उलटा धरला होता, असं बायकोने नंतर सांगितलं. पीजीवाल्या बाईंचा फोन आला. मुलीने फोन उचलला, आमच्याकडे पाठ केली.

"आंटी, सॉरी, नहीं आ पाऊँगी," ती म्हणाली. "इधर ना, तेंदुआ घूम रहा है. दादाजी अकेले कहीं जाने नहीं देते. मतलब, टीवी पे भी आया था."

आबांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. आवाजही कमी केला नाही. फक्त एक बोट वर केलं.

"एक," ते म्हणाले.